स्वयंसेवक करपतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका छोट्या गटाबरोबर काम करते. गावातलं वाचनालय, रक्तदान शिबिरं, नदीला पूर आला की मदत, आणि मधूनमधून जे पुढ्यात येईल ते. एवढ्या काळात मी एकदा पुरती करपले, इंग्रजीत ज्याला बर्नआउट म्हणतात ते झालं, आणि दोनदा करपता करपता वाचले. इतर किती जण करपताना पाहिले याची मोजदाद नाही. नव्याजुन्या कार्यकर्त्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. सगळेच प्रश्न सगळ्यांच्या कामाचे नसतील, आपल्याला हवा तो वाचावा.

मला आता त्या कामाचं नावसुद्धा नको वाटतं. हा आळस, की आणखी काही?

आळशी माणूस हा प्रश्न विचारत बसत नाही, त्यामुळे ती शंका आधी सोडून द्या.

दमणं आणि करपणं यात फरक आहे. चवथीच्या आदल्या रात्री गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधून दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी आरतीला ताजातवाना उभा असतो. करपणं भातासारखं असतं. वरून पाहिलं तर भात पांढरा, मोकळा, छान. तळाशी काय झालंय ते डाव खाली गेल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर वास सगळ्या टोपात पसरलेला असतो.

माझी खूण मला उशिरा पटली. रात्री साडेदहाला एका बापाचा फोन आला. मुलीला रक्त हवं होतं, तो बांबोळीच्या सरकारी इस्पितळात धावपळ करत होता. मी नंबर दिले, दाते जुळवले, सगळं रीतसर केलं. पण फोन उचलताना मनात पहिलं वाक्य आलं ते असं: 'यांनाही आत्ताच सुचतं!' मी ते मोठ्याने बोलले नाही. पण ते मनात आलं, आणि मला माझीच भीती वाटली.

क्रिस्टिना मॅस्लॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या अवस्थेवर आयुष्यभर काम केलं. त्यांनी 1981 मध्ये सहकाऱ्यासोबत करपणं मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात तीन गोष्टी पाहतात. मन रिकामं होईतो आलेला थकवा ही पहिली. समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा किंवा तुच्छता ही दुसरी. आणि 'माझ्या हातून काही होत नाही' ही भावना तिसरी. माझ्या त्या रात्रीच्या वाक्यात दुसरी गोष्ट होती. नुसता थकवा असेल तर झोप काढा. कोरडेपणा आला असेल तर पुढचे प्रश्न वाचा.

पण पगारच नाही, मग बर्नआउट कसला? तो नोकरीवाल्यांना होतो ना?

गंमत अशी की हा शब्द मानसशास्त्रात रुजला तोच फुकट काम करणाऱ्यांना पाहून. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये दिवसा आपला व्यवसाय करायचे आणि संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात जायचे. तिथे येणारे बरेचसे नशेच्या विळख्यातले तरुण होते आणि काम करणारे मुख्यतः स्वयंसेवक. मोठ्या उत्साहाने आलेली ही माणसं काही महिन्यांत चिडखोर, निराश आणि हट्टी होत गेलेली त्यांनी पाहिली. ते स्वतःही त्यातून गेले. 1974 मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती मात्र नोकरी-धंद्याच्या संदर्भात. सतत राहिलेला आणि हाताळता न आलेला कामाचा ताण, असं तिचं सार आहे. त्याला रोग म्हटलेलं नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलं आहे.

माझं मत विचाराल तर स्वयंसेवकाची स्थिती नोकरदारापेक्षा अवघड असते. नोकरदाराला रविवार असतो, रजेचा अर्ज असतो, शिव्या घालायला साहेब असतो. आपल्याला यातलं काहीच नाही. वर 'तुम्ही स्वतःहूनच आलात ना' हे ऐकून घ्यायचं.

आठवड्याला किती वेळ द्यावा? काही हिशेब आहे का?

एक तयार हिशेब आपल्या कॉलेजांतच आहे. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास नियमित काम करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं एक शिबिर. म्हणजे वर्षाला 120 तास, महिन्याला साधारण दहा. विशी न ओलांडलेल्या, संसार नसलेल्या मुलांसाठी सरकारने हा आकडा धरला आहे. तो पाहून तुमचा गेल्या महिन्याचा हिशेब काढा. फोनवरचा वेळसुद्धा धरायचा. मी पहिल्यांदा काढला तेव्हा बासष्ट तास निघाले, आणि मी बँकेत पूर्ण वेळ नोकरी करत होते.

महिन्याला दहा हा काही नियम नव्हे. कुणाला पंचवीस झेपतील, कुणाला चार. पण आकडा आधी ठरवा, कागदावर लिहा आणि घरात कुणालातरी सांगा. मनातल्या मनात ठरवलेला आकडा पहिल्याच फोनला वितळतो.

रक्तदात्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. पुरुषाने एकदा रक्त दिलं की तीन महिने आणि बाईने दिलं की चार महिने परत देता येत नाही. तुम्ही कितीही उदार असा, कितीही हट्ट करा, रक्तपेढीतले लोक नम्रपणे परत पाठवतात. अंगात रक्त पुन्हा भरायला वेळ लागतो हे सगळ्यांना मान्य आहे, त्यामुळे कुणी त्या दात्याला स्वार्थी म्हणत नाही. पूरग्रस्तांच्या घरातला चिखल सलग आठ दिवस उपसणाऱ्याला मात्र नवव्या दिवशी आपण विचारतो, 'काय रे, आज आला नाहीस?'

आमच्या गावात सगळे ओळखीचे. 'नाही' म्हणायचं कसं?

शहरात नाही म्हणणं सोपं असेल. इथे ज्याला नाही म्हणायचं तो सकाळी पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, भेटतो, दुपारी पंचायतीत आणि संध्याकाळी देवळात. त्याची आई तुमच्या मावशीची मैत्रीण असते.

माझा अनुभव असा की कारणं देऊ नयेत. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो. 'शनिवारी पाहुणे आहेत' म्हटलं की 'मग रविवारी ठेवूया' तयार असतं. त्यापेक्षा काय जमेल ते आधी सांगायचं. आमच्या गटातल्या एका पोराला मी हे शिकवलं आणि तो माझ्यावरच चालवतो:

'बाबू, रविवारी शिबिराला खुर्च्या लावायला येशील ना?'

'ताई, खुर्च्या मी शनिवारी संध्याकाळी टेम्पोत चढवून देतो. रविवारी नाही.'

'अरे, पण रविवारी माणसं कमी आहेत.'

'शनिवारी सहा ते आठ, ताई.'

संपलं. मला राग आला का? आला, पाच मिनिटं. मग मी दुसऱ्याला फोन केला.

वयाने मोठ्या माणसाला नाही म्हणताना मात्र फोनवर किंवा मेसेजवर म्हणू नये. घरी जावं, चहा घ्यावा, आणि उठताना सांगावं. वेळ जातो, पण संबंध राहतात, आणि गावात शेवटी तेच भांडवल असतं.

मी सोडलं तर सगळं बंद पडेल. दुसरं कुणी करणारच नाही. काय करू?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि विचारणारा दर वेळी खरंच बोलत असतो. म्हणून याचं उत्तर लांब आहे.

वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह पाहिला आहे का? नाव सप्ताह, पण अखंड भजन चालतं ते चोवीस तास, श्रावणात, नागपंचमीनंतर. प्लेगच्या साथीच्या काळात गावकऱ्यांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तेव्हापासून हे चालू आहे असं सांगतात. शंभरावर वर्षं झाली. या चोवीस तासांत भजन एक क्षणही थांबत नाही. पण कुठलाही बुवा चोवीस तास गात नाही. एक पथक उठायच्या आधी दुसरं येऊन बसतं, टाळ या हातातून त्या हातात जातात, पेटीवाला बदलतो, पखवाजवाला बदलतो. पहाटे तीनला ज्यांची पाळी असते ते दुपारी घरी झोपलेले असतात आणि त्यांना कुणी कामचुकार म्हणत नाही. भजन अखंड असतं. भजनी अखंड नसतात.

आपल्या बहुतेक गटांत उलट असतं. माणूस अखंड आणि काम खंडित.

आता माझी चूक सांगते. 2020 आणि 2021 ही दोन वर्षं साथीच्या धावपळीत गेली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ झालं, झाडं पडली, वीज गेली. मग 23 जुलै 2021 चा पूर आला. सत्तरी-डिचोलीत कित्येक घरं पाण्यात गेली, मातीची तर कोसळली. आमचा गट पंधरा जणांचा होता, पण वाचनालयाची किल्ली माझ्याकडे, दात्यांची यादी माझ्या वहीत, बँकेचं पासबुक माझ्या कपाटात, तहसीलदार कचेरीत कुणाला भेटायचं ते फक्त माझ्या डोक्यात. ताडपत्री आणि तांदूळ आणणारा प्रत्येक जण 'ताई, कुठे ठेवू?' म्हणून मलाच विचारायचा. मला त्याचा त्रास व्हायचा असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. आपल्यावाचून अडतं ही भावना गोड असते. करपायला सुरुवात तिथूनच होते.

सप्टेंबरात मी फोन उचलणं बंद केलं. ठरवून नव्हे. फोन वाजला की छातीत धडधडायचं आणि हात तो उशीखाली ढकलायचा. पावणेदोन महिने वाचनालय बंद राहिलं, कारण किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि ती मागायला यायचं कुणाच्या मनात आलं नाही. ताईंना बरं नाही, एवढंच सगळे म्हणत राहिले. म्हणजे 'मी सोडलं तर बंद पडेल' हे खरं ठरलं, पण ते तसं व्हावं अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती.

म्हणून उपाय सांगते तो आधी करा आणि मग थकण्याचा विचार करा. ज्या वस्तू आणि जी माहिती एकट्या तुमच्याकडे आहे त्यांची यादी काढा. किल्ल्या, वह्या, पासवर्ड, नंबर, 'अमक्याला सांगितलं की टेम्पो मिळतो' अशा गोष्टी. प्रत्येकीला दुसरा धनी नेमा. त्याला नुसतं सांगून भागत नाही, एक वेळ तुम्ही घरी बसायचं आणि त्याने ते करायचं. तो तुमच्यासारखं करणार नाही. पुस्तकं भलत्या कपाटात ठेवील, शिबिरात चहा कमी पडेल. पडू दे.

आणि दोघांत तिघांत वाटून घेण्याइतकीही माणसं नसतील, तर काम कमी करा. रोज उघडणारं वाचनालय आठवड्यातून दोन दिवस उघडलं तर गाव बुडत नाही.

कुणी कौतुकच करत नाही. मन कसं टिकवायचं?

आपल्याकडे कौतुक म्हणजे शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. माझ्या घरात एक फळी भरून स्मृतिचिन्हं आहेत. गणपतीच्या साफसफाईत दर वर्षी ती पुसावी लागतात, एवढाच त्यांचा माझ्याशी संबंध उरला आहे.

बक्षिसाने उत्साह वाढतोच असं नाही. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना जुळवाजुळवीचं कोडं दिलं. काहींना सोडवण्याचे पैसे दिले, काहींना नाही. नंतर पैसे बंद झाल्यावर, ज्यांना आधी मिळाले होते त्यांचा मोकळ्या वेळेत कोड्याशी खेळण्याचा ओढा कमी झालेला दिसला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं की माणसाला आतून काम करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात: काय करायचं ते आपल्या मर्जीने ठरवता येणं, आपल्याला ते चांगलं जमतंय हे दिसणं, आणि आपली माणसं सोबत असणं.

कौतुकाची भूक खोटी नाही. पण बारकाईने पाहिलं तर बहुतेकांना सत्कार नको असतो, निरोप हवा असतो. आपण पोचवलेल्या औषधाचं पुढे काय झालं? ज्या पोराला वह्या दिल्या तो पास झाला का? हे कुणी परत येऊन सांगत नाही, कारण सांगायचं असतं हेच कुणाला सुचत नाही. आमच्याकडे आता एक जण केवळ यासाठी आहे. महिन्यातून एकदा तो चार ठिकाणी फोन करून विचारतो आणि बैठकीत सांगतो. दहा मिनिटांचं काम आहे. ज्या रात्री मी चिडत चिडत रक्तदाते जुळवले होते, ती मुलगी घरी परतल्याचं मला आठ महिन्यांनी योगायोगाने बाजारात कळलं.

आम्ही किनारा साफ करतो, आठ दिवसांत पुन्हा तेवढाच कचरा. मग उपयोग काय?

यावर मी काणकोणच्या आणि पेडण्याच्या कासवांकडे बोट दाखवते. गालजीबाग, आगोंद आणि मोरजीच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या थंडीच्या दिवसांत अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, ती फुटायला पन्नास दिवसांच्या आगेमागे लागतात. तेवढ्या रात्री कुणीतरी जागं राहून कुत्र्यांपासून घरटं राखतं. मग पिल्लं निघतात, समुद्राकडे जातात आणि त्यातलं हजारात एखादंच मोठं होतं असं म्हणतात. राखणारा जर मोठी झालेली कासवं मोजायला बसला तर पहिल्याच वर्षी वेडा होईल. तो घरटी मोजतो. यंदा किती राखली, किती फुटली, किती पिल्लं पाण्यापर्यंत गेली.

तुमच्या हातात जे आहे ते मोजा. किती पोती उचलली, त्यातल्या बाटल्या कुठल्या प्रकारच्या, किनाऱ्यावरच्या कुठल्या शॅकच्या, म्हणजे खानावळीच्या, बाजूला जास्त. तीन महिन्यांची अशी वही पंचायतीच्या ग्रामसभेत ठेवता येते. नुसती कंबर दुखते एवढं सांगून तिथे काही होत नाही.

खिशातले पैसे जातात. ते मागायला लाज वाटते.

लाज सोडा. पेट्रोल, फोन, झेरॉक्स, चहा. यांचा हिशेब न ठेवणारा कार्यकर्ता दोन वर्षांत घरी भांडण ओढवून घेतो. गटाने पहिल्या दिवसापासून खर्चाची वही ठेवावी. ज्याला परत घ्यायचे नसतील त्याने तेवढी रक्कम देणगी म्हणून लिहावी, पण लिहावी.

घरचे म्हणतात, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस.

त्यांचं चुकत नाही हे आधी मान्य करू. तुमच्या सेवेचा अर्धा खर्च ते भरतात, वाट पाहण्यात आणि गार झालेल्या जेवणात.

दोन गोष्टींनी माझ्या घरातलं वातावरण निवळलं. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत, ही एक. आणि वर्षाचं वेळापत्रक घरच्यांसोबत बसून ठरवणं, ही दुसरी. गोव्याचं वर्ष कसं आहे ते आपल्याला ठाऊक आहे. जून ते ऑगस्ट पावसाचं संकट कधीही येऊ शकतं, तेव्हा हाताशी राहायचं. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस कुणालाही काही मागायचं नाही, रंगरंगोटी, माटोळीचा बाजार आणि पाहुणे एवढं पुरे असतं. दिवाळीनंतर जत्रा आणि काल्याची नाटकं सुरू होतात, तालमीत निम्मा गाव अडकतो. शिबिरं आम्ही त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत घेतो. मे महिना पूर्ण सुट्टी. आंबे खायचे, माहेरी जायचं, वाचनालयाचं नावही काढायचं नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपने जीव नकोसा केला आहे.

दोन ग्रुप करा. एकात फक्त तातडीचं आणि फक्त दोघांना लिहिता येईल असा. दुसऱ्यात सुप्रभात, फुलं, वाढदिवस आणि भांडणं. दुसरा म्यूट करा. बास.

गटातली भांडणंच जास्त थकवतात. फोटोत कोण, नाव कुणाचं…

अगदी बरोबर. मॅस्लॅक आणि मायकल लायटर यांनी माणूस कामात करपण्याची सहा कारणं मांडली. कामाचा बोजा हे त्यातलं एकच. बाकीची अशी: आपल्या हाती निर्णय नसणं, केल्याचं चीज न होणं, माणसांचं आपसात न पटणं, अन्याय, आणि आपल्या मूल्यांशी कामाचं न जुळणं. मी पाहिलेल्या दहांतले सात जण ओझ्याने गेले नाहीत. 'मी रात्रभर जागलो आणि व्यासपीठावर तो बसला' याने गेले.

आमच्याकडे एका वर्षी कार्यक्रमाच्या फलकावर एका राजकारण्याचा फोटो आला. कुणी छापायला दिला ते आजवर कळलं नाही. तीन चांगली माणसं तिथून गेली ती परत आली नाहीत. त्यानंतर नियम केला: फलकावर कुणाचाही फोटो नाही, आणि व्यासपीठावर बसण्याचा मान त्या कामात सर्वात जास्त राबलेल्या माणसाला. पहिल्या वर्षी तो मान मंडपवाल्याला गेला. तो इतका लाजला की त्याने हार गळ्यात न घालता हातातच धरला.

आम्ही अपघात, आजारपण, मरण जवळून पाहतो. ते घरी येतं.

दुसऱ्याचं दुःख रोज हाताळणाऱ्याला वेगळा थकवा येतो, त्याला करुणेचा थकवा म्हणू. मार्च 2023 मध्ये सत्तरीत म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे लागले, तेव्हा आग विझवायला गेलेल्या एका ओळखीच्या तरुणाला धूर लक्षात राहिला नाही, होरपळलेलं एक जनावर लक्षात राहिलं. तो महिनाभर त्याबद्दल कुणाशी बोलला नाही, कारण माणसं मेली नव्हती आणि जनावरासाठी रडणं त्याला शोभेल असं वाटलं नाही.

गोव्यातच 1996 मध्ये सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने नैराश्य आलेल्यांना मदत करायला साध्या, प्रशिक्षित स्थानिक माणसांना तयार केलं, आणि त्या कामाचे निष्कर्ष नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यातली मला भावलेली गोष्ट अशी की या समुपदेशकांना एकटं सोडलं जात नव्हतं. ते नियमित एकत्र बसून एकमेकांच्या कामावर बोलायचे. आपल्याला तेवढं शास्त्रशुद्ध जमणार नाही. पण जड कामावरून परतल्यावर थेट घरी न जाता अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसायचं, एवढं जमतं. कुणी बोललं तर ऐकायचं. कुणी बोललं नाही तर भजी खायची.

डॉक्टरांकडे केव्हा जावं?

काम थांबवून, विश्रांती घेऊनही दोन आठवडे मन उदास राहिलं, झोप आणि भूक बिघडली, कशातच रस वाटेना, तर. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कुणालातरी सांगा. केंद्र सरकारची 'टेलीमानस' ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिला सगळे आयपीएचबी म्हणतात. तिथे जाण्यात कमीपणा मानणारे अजून खूप आहेत. मी गेले होते. रांगेत माझ्यापुढे आमच्या शाळेतले निवृत्त मास्तर होते. आम्ही दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि पावसाबद्दल बोललो.

सोडायचं ठरवलं आहे. अपराधी वाटतं.

भात करपल्याचं कळलं की जाणती बाई काय करते? ढवळत नाही. ढवळलं तर वास वरपर्यंत जातो. टोप आधी आचेवरून उतरवते, वरचा चांगला भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घेते आणि खरवडायचं नंतर बघते.

तसंच करावं. आधी बाजूला व्हा. का सोडतोय याची मोठी चिठ्ठी ग्रुपवर टाकू नका, त्यात नेहमी दोन वाक्यं अशी येतात की ज्यांचा पुढे दहा वर्षं पश्चात्ताप होतो. तारीख सांगा, किल्ल्या-वह्या एका माणसाच्या हातात द्या, सही घ्या. कोण चुकलं याची चर्चा सहा महिन्यांनी. बहुतेक वेळा तोवर तिची गरज उरत नाही.

सोडून गेल्यावर परत येता येतं का?

येतं, पण त्याच खुर्चीवर येऊ नये.

मी नऊ महिन्यांनी परतले. अध्यक्षपण घेतलं नाही, दात्यांची यादी घेतली नाही. ती आता एक नर्स मुलगी सांभाळते आणि माझ्यापेक्षा बरी सांभाळते, हे पचायला थोडे दिवस लागले. मी मागून घेतलं ते एवढंच: गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे आणि फाटलेल्यांना पुठ्ठे घालायचे. सात वाजले की डिंकाची बाटली बंद.

किल्ली माझ्याकडे नाही. बहुतेक गुरुवारी मी पोचते तेव्हा दार उघडं असतं. एखाद्या गुरुवारी नसतं, मग पायरीवर बसते. कुणीतरी येतंच.